मामा, मी आणि आयर्न मेडन

बुधवार, ३० जानेवारी २००८

दुपारी आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीच्या, वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना मित्राचा फोन आला. त्याच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. "तू जा, माझं तिकीट कुणालाही दे," एवढंच म्हणाला. जळगावच्या हॉस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. २००२ साली आयर्न मेडनची पहिली कॅसेट त्यानेच माझ्या हातावर ठेवली होती. तेव्हापासून हे संगीत मी ऐकलं ते हेडफोन लावून, एकट्याने, बहुतेक रात्रपाळीला. घरी एकदा स्पीकरवर लावलं तर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "भांडण कोणाचं चाललंय?" धुळे जिल्ह्यातल्या आमच्या दोंडाईच्यात मेटल, म्हणजे हे जोरकस गिटार-ड्रमचं संगीत, ऐकणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. असेलही, पण तोही माझ्यासारखाच हेडफोनमध्ये बसलेला असणार.

आयर्न मेडन हा लंडनचा बँड. स्टीव्ह हॅरिस या बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाने तो १९७५ साली उभा केला. मागच्या वर्षी मार्चमध्ये ते पहिल्यांदा भारतात, बंगळुरूला आले, तेव्हा माझ्याकडे रजा नव्हती आणि पैसेही नव्हते. या वेळी ते मुंबईला येत होते आणि त्यांच्या जगदौऱ्यातला पहिला कार्यक्रमच १ फेब्रुवारीला, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानावर होता. ऐन सीझनमध्ये शेठजींकडून तीन दिवसांची रजा मिळवायला मला दोन महिने लागले. आता जायला सोबत नव्हती.

संध्याकाळी मामा सरकी ढेप न्यायला जिनिंगवर आला. मामाचं गाव तापीच्या पलीकडे, सारंगखेड्याच्या अंगाला. त्याच्याकडे एक पांढरी घोडी आहे. लग्नात नवरदेवाला बसवायला दोन्ही तालुक्यांत तिलाच बोलावतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारातून त्याने ती तीन वर्षांपूर्वी आणली. मी ढेपेची पोती टेम्पोत चढवता चढवता त्याला तिकिटाची गोष्ट सांगितली, उगाच, मन मोकळं करायला.

"बँड शे ना?" त्याने विचारलं.

"बँडच आहे मामा, पण आपल्यासारखा नाही."

"मंग मी येस तुनासंगे. पौष शे, लगीन नई. घोडी बी मोकळी शे."

मी त्याला आवाज कसा असतो ते समजवायला गेलो. तो हसला. पंचवीस वर्षं तो वरातीत मोठ्या ढोलापासून चार हातांवर चालत आलाय, त्याला मी आवाज काय समजावणार होतो!

गुरुवार, ३१ जानेवारी

दिवसभर काटा. सुटताना गाठी बांधण्याच्या प्रेसजवळून सरकी काढलेल्या रुईचा एक पुंजका खिशात घातला, कानात घालायला.

संध्याकाळी दोंडाईच्याहून एसटी पकडली. मामाने धुतलेलं धोतर, स्वेटर आणि डोक्याला मफलर असा बेत केला होता, कारण थंडी खरोखर कडक होती. मामीने कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत बांधून दिलं होतं. धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आम्ही ते तिथल्याच बाकड्यावर उघडलं. हिरव्या मिरचीचा आणि भाजलेल्या वांग्याचा वास सुटला तसा शेजारचा कंडक्टर आपणहून येऊन बसला आणि दोन पुऱ्या खाऊन गेला.

धुळं सोडलं की लळिंगचा किल्ला उजाडी दिसतो, रात्री नुसता काळा ढीग. पुढे मालेगाव, चांदवड. मामाला झोप नव्हती. मी त्याला एक हेडफोन दिला, एक माझ्या कानात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की गाणारा माणूस फार वर चढतो, पण घसरत नाही. ब्रूस डिकिन्सनबद्दल इतकं नेमकं मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

त्याला मी सांगितलं की हा गाणारा परवाना असलेला वैमानिक आहे, आणि या दौऱ्यात बँड, त्यांची माणसं आणि टनावारी सामान एकाच बोईंग ७५७ मध्ये घालून तो स्वतः विमान चालवतोय. पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम, मुंबईपासून टोरांटोपर्यंत.

"गाणारा सोता इमान चालावस?"

"हो."

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या ओळखीचा एक बँडमालक स्वतःचा टेम्पो स्वतः चालवतो, क्लॅरोनेटही स्वतःच वाजवतो, आणि मामाच्या लेखी तालुक्यातला तोच एक प्रामाणिक माणूस आहे. आयर्न मेडनची बाजू कसारा घाट यायच्या आत पक्की झाली होती.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

पहाटे ठाण्याला उतरलो. मावसभावाच्या घरी आंघोळ, चहा, दोन तास झोप. दुपारी लोकलने कुर्ला, तिथून रिक्षा.

रिक्षातून उतरलो आणि मी जागीच उभा राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळे टी-शर्ट चालले होते. शेकडो. प्रत्येकाच्या छातीवर एडी, म्हणजे या बँडचं ते हाडं दिसणाऱ्या चेहऱ्याचं भूत, जे त्यांच्या प्रत्येक अल्बमवर वेगळ्या रूपात असतं. माझ्याकडे असलेल्या कॅसेटच्या चिमुकल्या कव्हरावर जे चित्र मी डोळे फोडून पाहायचो, तेच माणसांच्या पाठींवर हातभर मोठं होऊन माझ्यापुढे चालत होतं. कुणी शिलाँगचं, कुणी कोलकात्याचं, कुणी पुण्याचं. सहा वर्षं मला वाटत होतं की हे माझं एकट्याचं आहे. गळा दाटून आला, हे लिहायला मला काही वाटत नाही.

रांगेत धोतरवाला मामा एकटाच. पोरं त्याच्याकडे बघत होती, पण एकाही पोराने वावगा शब्द काढला नाही. उलट एकाने हात वर करून तर्जनी आणि करंगळीची शिंगं दाखवली. मामाने विचारलं हे काय. मी सांगितलं, मेटलवाल्यांची खूण आहे, रॉनी जेम्स डिओ नावाच्या गायकाने ती जगभर नेली, त्याला ती त्याच्या आजीकडून मिळाली होती, दृष्ट काढण्यासाठी. दृष्ट म्हटल्यावर मामाला सगळं समजलं. त्यानेही शिंगं दाखवली.

फाटकावर अडचण आली. मामाच्या बंडीच्या खिशात अडकित्ता निघाला. पितळेचा, मुठीवर मोर असलेला, पात्याच्या जवळ झिजून पातळ झालेला. तपासणारा म्हणाला, धातूची वस्तू आत नाही, या पेटीत टाका. पेटीत शेकडो लायटर, पट्टे, किल्ल्यांच्या साखळ्या पडलेल्या होत्या. परत मिळेल का विचारलं तर त्याने उत्तरच दिलं नाही, पुढच्या माणसाकडे वळला. वस्तू काढून घ्यायची तर घ्या, पण माणसाला चिठ्ठी तरी द्या. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात तेवढी सोय करायला काय लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

"हाऊ अडकित्ता मन्हा बापना शे," मामा शांतपणे म्हणाला. "तू जाय. मी आठेच बसस."

तो खरंच बाजूच्या कट्ट्याकडे निघाला. मी त्याचा हात धरला आणि आम्ही रांग सोडून परत रस्त्यावर आलो. येताना ज्याच्याकडे चहा घेतला होता तो सायकलवर किटली लावलेला चहावाला अजून तिथेच होता. त्याला सगळं सांगितलं. त्याने अडकित्ता हातात घेऊन उघडझाप करून पाहिला, फडक्यात गुंडाळला आणि साखरेच्या डब्यात ठेवला. "दस बजे तक हूँ," म्हणाला. मामाने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि निघाला. घोडा घेताना तो मालकाकडे असंच बघतो.

मैदानात धूळ होती आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर मिठी नदीचा वास येत होता. मला पुढे, कठड्याजवळ जायचं होतं. सहा वर्षं वाट पाहिली ती मागून बघायला नव्हे. आम्ही घुसत घुसत कठड्यापासून पाचसहा माणसांवर पोचलो. रुईचे बोळे कानात घातले, मामालाही दिले.

अंधार झाला. दिवे गेले. भोंग्यांतून चर्चिलचा आवाज आला, १९४० च्या जूनमधलं ते समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याचं भाषण. मला ते पाठ होतं, कारण भाषण संपलं की लढाऊ वैमानिकाचं गाणं सुरू होतं हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. शेवटचा शब्द पडला, प्रकाश फुटला, मागे इजिप्तच्या देवळाचा भव्य पडदा उजळला आणि तीन गिटार, एक बेस आणि ड्रम एकाच वेळी अंगावर आले. कानावर नाही म्हणत, अंगावर. ड्रमचा प्रत्येक ठोका बरगड्यांच्या मधोमध बसत होता. पँटचं कापड पोटऱ्यांवर थरथरत होतं. दातांना कळत होतं.

आणि त्याच क्षणी मागची सगळी गर्दी पुढे आली.

माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. हात छातीशी अडकले. श्वास आत घेतलेला होता तो बाहेर जाईना आणि नवा येईना. पुढच्या माणसाच्या पाठीला माझा गाल चिकटला होता. ज्या गाण्यासाठी आलो ते सुरू होतं आणि मला फक्त एवढंच सुचत होतं की मी इथे मरतोय.

मानेवर हात पडला. जाड, खरखरीत, ओळखीचा. मामाने माझी मान मागून पूर्ण तळव्यात घेतली आणि कानाशी तोंड आणून म्हणाला, "दम सोड. पहिले दम सोड." मी सोडला. "आखो." पुन्हा सोडला. श्वास सोडला की आत आपोआप येतो, हे तेव्हा कळलं. मग त्याने मला मागे नाही ओढलं. गर्दीची लाट पुढे आली की थांबायचा, ओसरली की दोन पावलं आडवं सरकायचा, असं करत त्याने मला तिरकं बाहेर काढलं. यात्रेत माणूस असाच निघतो, लाटेला आडवं. वाटेत एक पोरगा खाली पडला तर तो जमिनीला टेकायच्या आत चार अनोळखी हातांनी त्याला उभा केला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दाटीत मी सगळ्यात जास्त विश्वास कशावर ठेवला असेल तर या हातांवर.

आम्ही मैदानाच्या मध्यावर, आवाज सांभाळणाऱ्या माणसांच्या चौथऱ्याजवळ येऊन थांबलो. ही जागा मी आता कुणालाही सांगेन. आवाजाचा तोल जो माणूस साधतो तो तिथे उभा राहून साधतो, म्हणून सगळ्यात स्वच्छ तिथेच ऐकू येतं. कठड्याजवळ नुसता मार बसतो. इथे तिन्ही गिटार वेगवेगळ्या ऐकू आल्या: डेव्ह मरेची गोल, वाहती, एड्रियन स्मिथची तोलून मापून, यानिक गर्सची सुटलेली.

मामा म्हणाला, "ढोलवाला कथा शे? दिखत नई."

निको मॅकब्रेन दिसत नव्हताच. त्याच्यापुढे ड्रमची आणि झांजांची अशी भिंत होती की वरून फक्त काठ्या चमकत होत्या. मी मामाला ओरडून सांगितलं की मेटलमध्ये बहुतेक जण मोठा ढोल दोन पायांनी वाजवतात, पण हा माणूस एकाच पायाने वाजवतो. मामाने डोळे मिटले. ऐकत राहिला. मग माझ्याकडे एक बोट दाखवून मान हलवली: खरंय, एकच पाय आहे.

मग 'द ट्रूपर' लागलं.

लाल डगला घालून ब्रूस पुढे आला. स्टीव्ह हॅरिसने बेस गिटारची मान बंदुकीसारखी गर्दीवर रोखली. तो तारा छेडायची छोटी पट्टी (प्लेक्ट्रम) वापरत नाही, उघड्या बोटांनी वाजवतो, आणि त्याची ती प्रसिद्ध चाल सुरू झाली: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. मामाचा चेहरा बदलला. त्याने कानातला रुईचा बोळा काढून टाकला.

"हाई त घोडी पयी ऱ्हायनी!"

ही तर घोडी धावतेय, म्हणे! मी त्याला या गाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. 'द ट्रूपर' हे घोडदळाचंच गाणं आहे. १८५४ च्या क्रायमियाच्या युद्धात बालाक्लावाला इंग्रजांचं हलकं घोडदळ एका चुकलेल्या हुकुमामुळे थेट तोफांवर चालून गेलं आणि कापलं गेलं, त्या चढाईतल्या एका स्वाराचं. मामाला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. त्याला टापा ऐकू आल्या.

तो मला हाताच्या तळव्यावर बोटांनी वाजवून दाखवत होता. दुडकी नाही, त्यात दोनच टापा पडतात. पुरती भरधाव नाही, त्यात चार. ही मधली, तीन टापांची, आणि तिसरीनंतर घोडं क्षणभर हवेत असतं. "तो बगा," तो चुकून मला अहो-जाहो करून बोलायला लागला, इतका तो भानावर नव्हता, "तो क्षण तेस्नी सोडेल शे!" मोकळी जागा ठेवली आहे, असं त्याला म्हणायचं होतं. आणि ठेवली होती. हजार वेळा ऐकलेल्या गाण्यात ती मला त्या रात्री पहिल्यांदा सापडली.

पुढे कोलरिजच्या १७९८ मधल्या दर्यावर्द्याच्या कवितेवरचं तेरा मिनिटांहून लांब गाणं झालं. त्यात मध्येच सगळं थांबतं आणि जहाजाची लाकडं कुरकुरतात. मी मामाला गोष्ट सांगत गेलो: म्हाताऱ्याने पक्षी मारला, वारा पडला, सगळे मेले, तो एकटा उरला. पोवाडा ऐकावा तसा तो उभा होता. दोन माणसांएवढा उंच एडी रंगमंचावर चालत आला तेव्हा मात्र त्याने फार लक्ष दिलं नाही. सोंगं त्याने यात्रेत पुष्कळ पाहिलीत.

'फिअर ऑफ द डार्क'ला गिटारची सुरावट सगळं मैदान गायला लागलं. त्याला शब्द नाहीत, नुसतं ओ ओ ओ. मामा गात होता. मफलर गळ्यात, मान वर, डोळे मिटलेले. त्याच्या एका बाजूला दाढीवाला नागा पोरगा, दुसऱ्या बाजूला मी. मी गायचं थांबवून थोडा वेळ नुसतं ऐकलं. आपल्या माणसाचा आवाज त्या हजारोंत वेगळा ओळखू येत होता.

दहाच्या आसपास संपलं. मामाला त्याचं नवल नव्हतं. उघड्यावर दहानंतर भोंगे बंद, हा नियम वरातवाल्यांना पाठ असतो.

आणि तिथून आम्ही जवळजवळ पळतच रस्त्यावर आलो. चहावाला सायकलला टेकून उभा होता. किटली रिकामी, स्टोव्ह बांधलेला, निघायच्या तयारीत, पण निघाला नव्हता. त्याने साखरेच्या डब्यातून फडकं काढलं. मामाने अडकित्ता घेतला, खिशातून एक सुपारी काढून तिथेच कातरली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. पैसे दोघांनीही काढले नाहीत.

शनिवार, २ फेब्रुवारी

दिवसाच्या गाडीने परत. दोघांच्याही कानात बारीक शिट्टी चालू होती, बोलणं कापूस कोंबल्यासारखं ऐकू येत होतं. मामाला वाटलं हे पुण्यच घेऊन चाललोय. तसं नाही. नंतर धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं: ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. असे कार्यक्रम त्याच्याही वर जातात. साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. पुढच्या वेळी मी मऊ फोमचे बोळे घेऊन गेलो आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाला देतो. ज्याला हे संगीत आयुष्यभर ऐकायचंय त्याने एवढं करावं.

चांदवडपर्यंत मामा झोपला. मग उठून त्याने आपणहून विषय काढला. वरातीत आता डीजे येतोय. घोडी मोठ्या ढोलाला कधी बुजली नाही, पण डीजेला बुजते, अंगावर काटा आणते, लगाम चावते. त्याला वाटायचं आवाज मोठा म्हणून. काल कळलं की आवाजाचं नाही. कालचा आवाज तर डीजेच्या तिप्पट होता आणि त्याला स्वतःला एकदाही बुजल्यासारखं झालं नाही. माणूस वाजवतो तेव्हा मध्ये दम घेतो, घोडीला तो कळतो. यंत्र दम घेत नाही. मला वाटतं बरोबर आहे. मला जिनिंगच्या घरघरीने डोकं दुखतं आणि हेडफोनमधल्या मेटलने उतरतं, याचं कारणही हेच असावं.

दोंडाईच्याला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. शेठजींचे सहा फोन येऊन गेले होते.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

काट्यावरून सुटल्यावर तापी ओलांडून मामाकडे गेलो. मित्राला फोन लावून दिला, त्याचे वडील घरी आले होते. मामाने त्याला अर्धा तास सगळं सांगितलं, त्यातला बराच वेळ चहावाल्याबद्दल.

"कान?" मी विचारलं.

"आज सकायमा बंद व्हयना आवाज," तो म्हणाला, आणि गोठ्याकडे गेला.

तिथे दावणीशी एक जुना पत्र्याचा डबा टांगलेला आहे. घोडी नवी आणली तेव्हा तो रोज तिला चारा टाकून लांब उभा राहून हा डबा वाजवायचा, आणि रोज एक पाऊल जवळ यायचा. महिन्याने तो तिच्या मानेवर हात ठेवून वाजवू लागला, मग तिला वरातीत नेली. नंतर डबा तसाच राहिला होता. मामाने तो खाली काढला, उलटा मांडीवर घेतला आणि बोटांनी सुरू केलं. एक लांब, दोन आखूड. हवेतला तो क्षण सोडून.

घोडीने कडब्यातून तोंड वर काढलं. दोन्ही कान पुढे केले, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग चघळायला लागली.